एकवीस अंकी संशय

आई,

तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम काल झाला. सोसायटीचा हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. करंजाड्याचे काका म्हणाले, "वहिनी म्हणजे साधी, भोळी बाई. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीच उठून विचारलं असतंत, "कोण म्हणतं? पुरावा काय?"

भोळी म्हणे! दुधाच्या पिशवीवरची तारीख तुम्ही भिंग लावून वाचायचात. लिफ्ट दुरुस्त करून निघालेल्या माणसाला तुम्ही परत बोलावलंत आणि तुमच्या डोळ्यांसमोर लिफ्ट वर-खाली करायला लावलीत. वॉचमन रजिस्टरमध्ये खऱ्या वेळा लिहितो का, हे गॅलरीतल्या खुर्चीत बसून बघायचात. आणि माझ्यावर तर तुमचा कायमचाच पहारा. डाळ लवकर शिजली की मी सोडा टाकला असणार. मी ऑफिसातून उशिरा आले की, "ट्रॅफिक होतं? पामबीच रोडला? या वेळेला?"

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. काल हॉलमध्ये ज्या बाईबद्दल सगळे बोलले, ती मला ओळखूच येईना, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा तुम्ही मला बघायला आलात तेव्हा विचारलं होतंत, "काय काम करतेस?"

"टेस्टर आहे. सॉफ्टवेअर कंपनीत, महापेला."

"म्हणजे नक्की काय?"

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या."

तुम्ही मंदारकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "याचा पगार देतात? मी तर जन्मभर फुकट करत आले."

तेव्हा मी हसले. लग्नानंतर कळलं की तो विनोद नव्हता. सानपाड्याच्या दोन खोल्यांमध्ये दोन संशयी बायका, आणि मध्ये जासईच्या कंटेनर यार्डातून दमून आलेला मंदार. तो म्हणायचा, "तुमी दोघी एकमेकींना तपासा, मला जेवायला वाढा."

तुमचा संशय कुठून आला, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, मटार सोलताना. महाडकडची तुमच्या गावची शाळा, तुम्ही सातवीत. गणितात पैकीच्या पैकी मार्क. गुरुजींनी भर वर्गात विचारलं, "कुणाचं बघून लिहिलंस?" तुमच्या शेजारी कुणी नव्हतंच. तुम्हाला वेगळं बसवायचे, दाराशी. बघून लिहायचं म्हटलं तरी कुणाचं बघणार? तरीही विचारलं. तुम्हाला फळ्यापाशी बोलावून तेच गणित परत सोडवायला लावलं. तुम्ही सोडवलंत. गुरुजींनी ताळा करून पाहिला, तो जुळला, आणि ते सरळ पुढच्या गणिताकडे वळले.

"सगळ्यांनी माझा ताळा करून पाहिला गो," तुम्ही म्हणालात. "आता मी सगळ्यांचा पाहते. बिघडलं कुठं?"

त्या दिवसानंतर तुमचा पहारा मला टोचायचा कमी झाला. थांबला नाही, पण टोचायचा कमी झाला.

मग ती संख्या आली.

शाळेत गणित शिकवून निवृत्त झालात, तरी तुमची आकड्यांची सवय सुटली नव्हती. एका रविवारी तुम्ही फुशारकी मारत होतात. रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर बघून तुम्ही चटकन सांगायचात, ही मूळ संख्या, ही नाही, हिला सातनं भाग जातो, हिला तेरानं. "कुठलीही संख्या आण, माझ्यापुढे टिकत नाही," म्हणालात. मला खोडी काढायची हुक्की आली. सोसायटीच्या पाणीकपातीची नोटीस टेबलावर पडली होती. तिच्या कोऱ्या पाठीवर मी मोबाइलमध्ये बघून लिहिलं:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

"ही कुठल्या गाडीची?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं, दोनाला दोनानं गुणत जायचं, सदुसष्ट दोन झाले की थांबायचं आणि त्यातून एक वजा करायचा. तीच ही. फार पूर्वी युरोपात एका विद्वान धर्मगुरूनं अशा संख्यांची यादी केली होती. त्यात त्यानं लिहिलं, ही मूळ संख्या आहे, हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. आणि लोकांनी ते मानलं. दोनशेहून जास्त वर्षं.

"नुसतं मानलं? करून कुणी बघितलं नाही?"

"एवढी मोठी संख्या कोण करून बघणार?"

"मी," तुम्ही म्हणालात आणि चष्मा पुसायला घेतलात.

तेव्हा मी पुढचं सांगितलं. नंतर एकानं एक कसोटी शोधली. ठरलेल्या पद्धतीनं वर्ग करायचे, ठरलेली बाकी काढत जायची. संख्या मूळ असेल तर शेवटी शून्य उरतं. या संख्येला शून्य उरलं नाही. म्हणजे ती मूळ नाही, मोडते, हे नक्की झालं. पण कशानं मोडते, तिचे अवयव कुठले, ते त्यालाही माहीत नव्हतं. ते सापडायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. कुणीतरी फसवायला बघतंय असा.

"अवयव न दाखवता मोडते म्हणतो? हे काय गणित झालं? चोरी झालीय एवढं म्हणायचं, काय चोरलं ते माहीत नाही, कुणी चोरलं ते माहीत नाही."

"पण झालीय हे नक्की."

"मला नाही पटत."

"आई, अवयव आता माहीत आहेत. सांगू?"

तुम्ही हात वर केलात, वर्गात गोंगाट थांबवताना करत असाल तसा. "खबरदार सांगितलंस तर."

त्या दिवसापासून घरात एकही नोटीस कोरी उरली नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, पार्किंगचे नियम, कुत्र्यांबद्दलच्या सूचना, सगळ्यांच्या पाठीवर तुमचे भागाकार. मी तुम्हाला मदत म्हणून एक गोष्ट शोधून दिली: या संख्येचा कुठलाही मूळ अवयव एकशे चौतीसच्या पटीपेक्षा एकनं जास्त असलाच पाहिजे. तुमचा अर्थातच विश्वास बसला नाही. तुम्ही आधी या संख्येच्या लहान भावंडावर करून पाहिलंत. सदुसष्टऐवजी अकरा दोन घेतलेत. २०४७ आले. तेवीस गुणिले एकोणनव्वद. दोन्ही बावीसच्या पटीपेक्षा एकनं जास्त. तेव्हा कुठे मान हलवलीत. "असेल," म्हणालात. तुमच्या तोंडून हा शब्द म्हणजे केवढं मोठं सर्टिफिकेट, ते मला माहीत होतं.

मग २६९. भाग गेला नाही. मधले सगळे स्वतःच मोडके, म्हणून सोडले. मग १६०९. नाही. अशा तुम्ही पुढे सरकत होतात. मी ऑफिसातून आले की पहिलं वाक्य, "आज चार बाद केले."

मला माहीत होतं की पहिला अवयव एकोणीस कोटींच्या पुढे आहे. या वाटेनं तुम्ही तिथे कधीच पोचणार नव्हता. मला सांगायची बंदी होती. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही खूश होतात.

मार्चमध्ये तुमचं जेवण तुटलं. मग डोळे पिवळे झाले. आम्हाला वाटलं कावीळ. नेरुळच्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मंदारला आणि मला वेगळं केबिनमध्ये बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला. पित्ताच्या वाटेत एक नळी बसवली की कावीळ उतरेल, थोडं बरं वाटेल, एवढंच हातात होतं. पुढे काही महिने.

खाली पार्किंगमध्ये मंदार म्हणाला, "तिला सांगायचं नाही."

"मंदार, त्यांना कळेल."

"कसं कळणार? पित्ताचा खडा होता, काढला, असं सांगू."

"गणिताच्या बाई आहेत त्या. त्यांच्याशी खोटं टिकत नाही."

"मेघना, माझी आई आहे ती!" तो इतक्या जोरात ओरडला की गाडी काढणारा एक माणूस थांबून बघायला लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिचं मन मोडेल. मला ते बघवणार नाही."

मी वाद घातला. गाडीत घातला, घरी बेडरूमचं दार लावून घातला. शेवटी गप्प बसले, कारण तुम्ही त्याच्या आई होतात, माझ्या नव्हे. तेव्हा मी असाच हिशेब केला होता. आता त्या हिशेबावर माझाच विश्वास नाही.

नळी बसवली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, तुम्ही घरी आलात. आणि मंदारनं सगळं बिघडवलं. तो चांगला वागायला लागला.

तुमच्या मालिकेच्या वेळी तो बातम्या लावायचा हट्ट करेना. जासईहून येताना वाटेत थांबून पापलेट आणायला लागला. तुम्ही म्हणालात, गॅलरीतली कुंडी हलव, तर लगेच हलवली. तुम्ही म्हणालात, परत होती तिथे ठेव, तर ठेवली. एक शब्द नाही.

एका सकाळी मी डबा भरत होते. तुम्ही ओट्याला धरून उभ्या होतात.

"मंदार माझ्याशी भांडत नाही," तुम्ही म्हणालात.

"चांगलंय की."

"काहीतरी मोडलंय, मेघना. हे नक्की. कशानं, ते कळत नाही."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. विचारलं मात्र नाहीत. मी डब्याचं झाकण लावलं आणि निघाले. खाली उतरल्यावर लक्षात आलं, भाजी भरलीच नव्हती.

त्यानंतर तुम्ही भागाकार करत राहिलात, पण आकडे हलायला लागले. ओळी तिरक्या जायच्या. "आज दोन बाद केले." मग, "आज एक." मग तुम्ही नुसता कागद मांडीवर घेऊन बसायला लागलात.

जूनमधला एक शनिवार. मंदार यार्डात होता, मी घरी. जेवण झालं, तुम्ही दोन घास खाल्लेत. पलंगावर उशा रचून बसलात आणि म्हणालात, "ते अवयव सांग आता."

"नक्की?"

"मला वेळ नाही."

मी दोन संख्या लिहून दिल्या. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. तुम्ही पेन्सिल घेतलीत. मग पहिल्याला एकशे चौतीसनं भागलंत. बाकी एक. दुसऱ्याला भागलंत. बाकी एक. मग नवाचा ताळा. पहिल्याच्या अंकांची बेरीज करत एका अंकावर आणलीत, एक. दुसऱ्याची, एक. त्या मोठ्या संख्येची, एक. एक गुणिले एक, एक. तिन्हीकडे जुळलं.

"जुळलं ना?" मी म्हणाले.

"ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असं नाही. चुकीच्या उत्तराचाही ताळा जुळू शकतो. शिकवलं नाही तुला कुणी?"

आणि तुम्ही गुणाकार मांडलात. खरोखरचा, एकेका अंकाचा. मी म्हटलं, कॅल्क्युलेटरवर करू, तर असं बघितलंत की मी मोबाइल उपडा ठेवला. मध्ये दोनदा आडव्या झालात. तिसऱ्या ओळीत हातचा चुकला, तो पाचव्या ओळीत पोचल्यावर तुम्हाला सापडला, आणि तुम्ही मागे जाऊन सगळं खोडून परत केलंत. मी पाणी देत होते, कागद धरत होते. उन्हं गॅलरीतून आत आली. बेरीज तुम्ही उजवीकडून एकेक अंक मोठ्यानं म्हणत केलीत. सात. दोन. नऊ. दोन. एक. मी नोटिशीवरचा आकडा बघत होते आणि दर अंकाखाली बोट सरकवत होते. एकवीसच्या एकवीस अंक जुळले.

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. तुमच्या चेहऱ्यावर मला वाटला होता तसा आनंद नव्हता. नुसतं समाधान. सामान घरी आणून, मोजून घेतल्यावर असतं तेवढं.

"दोनशे वर्षं," म्हणालात. "आणि सगळे नुसते ऐकून घेत होते."

मग माझ्याकडे बघून, त्याच आवाजात:

"आता माझा कुठला अवयव, ते सांग."

आई, मी मंदारला शब्द दिला होता. तो मला आठवलासुद्धा नाही.

"स्वादुपिंड," मी म्हणाले.

"पसरलंय?"

"हो. यकृतात."

"माझ्याकडे बघून परत सांग."

मी तुमच्याकडे बघून परत सांगितलं. तुम्ही डोळे मिटलेत. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग डोळे उघडून म्हणालात, "चहा टाक. साखर घाल. आता काय होणार आहे साखरेनं?"

चहा घेताना तुम्ही मला बजावलंत: मंदारला कळता कामा नये की तुम्हाला कळलंय. "त्याला वाटू दे, त्यानं मला सांभाळलं." मी म्हटलं, हे बरोबर नाही. तुम्ही म्हणालात, बरोबर-चूक मी तुला विचारलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस आपण दोघींनी जे नाटक केलं, त्याला तोड नाही. मंदार म्हणायचा, "आई, खडा गेला, आता हळूहळू ताकद येईल." तुम्ही म्हणायचात, "हो रे, पावसाळा संपला की महाडला जाऊन येऊ." आणि मी आमटी वाढत असायचे. दुखायला लागलं की तुम्ही मला इशारा करायचात आणि मी मंदारला काहीतरी आणायला खाली पाठवायचे. एकदा तो कोथिंबीर घेऊन आला. फ्रिजमध्ये आधीच दोन जुड्या होत्या. तो बघतच राहिला.

तुम्ही गेलात पहाटे, झोपेतच, तुमच्याच पलंगावर. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मंदारनं तुमचा हात धरला होता.

आता माझा एक संशय. तुम्हीच लावलेली सवय, तेव्हा ऐकून घ्या. त्या शनिवारी तुम्हाला ते अवयव खरंच हवे होते का? मी खूप विचार केला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तपासता येत होतं. एक दुपार घालवून, एकेक अंक जुळवून. दुसऱ्याचं येत नव्हतं. म्हणून आधी पहिला विचारलात? मी खरं सांगणारी बाई आहे की नाही, ते आधी बघून घेतलंत? मला जवळजवळ खात्री आहे की हो. मी ऑफिसात हेच करते. ज्याचं उत्तर माहीत आहे ते आधी चालवून बघते.

याचा मला राग यायला हवा. येत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही मला जे काही दिलंत, पाटल्या, ती हिरवी पैठणी, पुरणाची चाळण, त्यात ती दुपार मला सगळ्यात जड वाटते. तपासलंत आणि मग विश्वास ठेवलात. न तपासता ठेवणारे पुष्कळ भेटले, त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. आमटीत पळी घालून उभी राहिले, आणि सांगायचं राहून गेलं.

काल हॉलमधून सगळे गेल्यावर मंदार आणि मी खुर्च्या घड्या करून भिंतीशी लावत होतो. तो अचानक थांबला.

"मेघना, आईला कळलं होतं का?"

"का विचारतोस?"

"शेवटी शेवटी ती मला एकदाही म्हणाली नाही की रिपोर्ट दाखव. आई! रिपोर्ट बघायला मागितला नाही?"

त्याचा चेहरा अगदी तुमचा होता. तोच, कुणीतरी फसवायला बघतंय असा. मी एक खुर्ची घडी केली, दुसरी केली. नाही म्हणणं सोपं होतं. तुम्ही तेच सांगून गेला होतात. पण तो आयुष्यभर शोधत बसला असता.

"हो," मी म्हणाले. "मीच सांगितलं. जूनमध्ये."

तो तिथेच उरलेल्या खुर्चीवर बसला. मला वाटलं ओरडेल. पण तो म्हणाला, "मी तिच्याशी खोटं बोलत होतो आणि तिला माहीत होतं. रोज."

"रोज."

"चिडली असेल माझ्यावर."

तेव्हा मी त्याला सांगितलं, त्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात परत देताना तुम्ही काय म्हणालात ते. "त्याला खोटं बोलता येत नाही. पहिल्या दिवसापासून पकडला जात होता. माझं एवढं तरी शिकवणं फुकट गेलं नाही."

मंदार हसला. मोठ्यानं, त्या रिकाम्या हॉलमध्ये. आणि हसता हसता रडायला लागला, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले.

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला, आई. आधी विचारलं असतं, तर तुम्ही मोडू दिला नसता.

मेघना